बोल्सा म्हणजे पिशवी

इंजिनिअरिंग संपेपर्यंत मला 'गाइड' या शब्दाचे दोनच अर्थ माहीत होते. एक म्हणजे दहावीला प्रत्येक विषयासाठी घेतलेलं जाडजूड पुस्तक, ज्यात धड्याखालच्या प्रश्नांची तयार उत्तरं असायची. दुसरा म्हणजे फायनल इयरच्या काळ्या बाइंडिंगच्या रिपोर्टवर सही करणारे सर. त्यांच्याकडे आमच्यासारखे अकरा ग्रुप होते. सबमिशनच्या आठवड्यात त्यांच्या केबिनबाहेर रांग लागायची आणि आपला नंबर आला की कुठे सही करायची ते पान आपणच उघडून द्यायचं. नोकरी लागल्यावर 'मेंटॉर' हा शब्द सगळीकडे दिसायला लागला, तेव्हा मला तो याच घराण्यातला वाटला. म्हणजे स्टेज, शाल, श्रीफळ, पाण्याची सीलबंद बाटली आणि 'मोठी स्वप्नं बघा' हे वाक्य.

या नात्याला तिसरा अर्थ असू शकतो, हे मला रिओ दि जानेरोजवळ राहणाऱ्या एका मुलीमुळे समजलं. तिचं नाव इथे लिहीत नाही.

२०२२ मध्ये आमच्या टीममधल्या साओ पाउलोच्या एका सहकाऱ्याने एक फॉर्म पाठवला. जीवशास्त्र आणि बायोमेडिसिनच्या विद्यार्थ्यांना डेटा हाताळायला शिकवतील असे प्रोग्रॅमर हवे होते. आठवड्यातून एक तास, ऑनलाइन, विनामोबदला. मी भरला. माझ्या वाट्याला आली ती दुसऱ्या वर्षात शिकणारी एकोणीस वर्षांची मुलगी. शनिवारी पुण्यात संध्याकाळचे साडेसात वाजायचे तेव्हा तिच्याकडे सकाळचे अकरा. तिचं इंग्रजी जेमतेम, माझं पोर्तुगीज शून्य. मधल्या खड्ड्यात गूगल ट्रान्सलेट. पण चावी, बटाटा आणि पगार हे शब्द आमच्याकडे तुमच्याचकडून आलेत, हे तिला सांगितल्यावर ती इतकी हसली की पुढचं सोपं झालं.

पहिला पूर्ण तास आम्ही एका स्वल्पविरामावर घालवला. ब्राझीलमध्ये दशांश चिन्हाच्या जागी कॉमा लिहितात. साडेतीन म्हणजे 'तीन कॉमा पाच'. त्यामुळे तिच्या एक्सेलच्या फाइलमधले आकडे पायथॉनला आकडे वाटतच नव्हते, शब्द वाटत होते. फाइल वाचताना 'दशांश चिन्ह कॉमा आहे' एवढं सांगणारा एक छोटा पर्याय टाकला आणि सहा महिन्यांची मोजणी एका सेकंदात आलेख होऊन समोर आली. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "हे मी माझ्या ओरिएंतादोराला दाखवते."

ओरिएंतादोर, स्त्री असेल तर ओरिएंतादोरा. शब्दशः अर्थ दिशा दाखवणारी व्यक्ती. पुढची तीन वर्षं हा शब्द मी दर शनिवारी ऐकत आले.

*

ब्राझीलमध्ये 'इनिसियासांव सिएंतिफिका' नावाची एक गोष्ट आहे. मराठीत विज्ञानदीक्षा म्हणता येईल, पण त्याने उगाच उदबत्तीचा वास येतो. पदवीचा विद्यार्थी एखाद्या प्राध्यापकाच्या प्रयोगशाळेत शिकत-शिकत खरं संशोधन करतो आणि त्याबद्दल त्याला दरमहा शिष्यवृत्ती मिळते. १९५१ साली स्थापन झालेली सीएनपीक्यू ही सरकारी संस्था ती देते. विद्यापीठांमार्फत शिष्यवृत्त्या वाटण्याचा तिचा मोठा कार्यक्रम १९८८ पासून चालू आहे. विद्यार्थ्याचं नाव, प्राध्यापकाचं नाव, विषय आणि मुदत, सगळं कागदावर असतं. वर्ष संपताना विद्यार्थ्याला आपलं काम विद्यापीठाच्या परिषदेत उभं राहून मांडावं लागतं.

मार्गदर्शन हे कुणाच्या चांगुलपणावर सोडलेलं नाही, त्याला खातं आणि रक्कम आहे, ही गोष्ट मला फार नवी होती.

शिष्यवृत्तीला पोर्तुगीजमध्ये म्हणतात बोल्सा. या शब्दाचा रोजचा अर्थ पिशवी किंवा पर्स. मी एकदा गमतीत तिला विचारलं, "म्हणजे हा तुझा पगार?" ती म्हणाली, "नाही, पगाराने घर चालतं. बोल्सामध्ये बसचं तिकीट मावतं."

हे तिने विनोद म्हणून सांगितलं, पण हिशेब खरा होता. २०२२ मध्ये ही शिष्यवृत्ती महिना ४०० रेआइस होती, म्हणजे तेव्हाचे साधारण सहा हजार रुपये. त्या वर्षी देशातलं किमान वेतन होतं १,२१२ रेआइस. आणि ४०० चा आकडा २०१३ पासून हललेला नव्हता. मधल्या नऊ वर्षांत तांदूळ, गॅस, तिकीट सगळं वाढलं होतं.

ती राहते बाइशादा फ्लुमिनेन्सेमध्ये. रिओच्या बाहेर पसरलेली ही शहरं म्हणजे कामावर जाणाऱ्यांची वस्ती. आपल्या कर्जत-कसाऱ्याच्या लोकलसारख्या गाड्या भरून सकाळी शहरात जातात. आई लोकांच्या घरी दिवसाच्या बोलीवर साफसफाई करते. ब्राझीलमध्ये सरकारी विद्यापीठात फी नसते, आणि २०१२ च्या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतल्या निम्म्या जागा सरकारी शाळांतून आलेल्या मुलांसाठी राखीव झाल्या. तिच्या घरातली विद्यापीठात पोचलेली ती पहिली. दार उघडं होतं, पण आत गेल्यावर कुठल्या खोलीचं दार वाजवायचं असतं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं. इनिसियासांव नावाचं काही असतं हे तिला पहिलं सत्र संपल्यावर विद्यापीठाच्या स्वस्त खानावळीच्या रांगेत कळलं. प्राध्यापकांच्या मुलांना ते शाळेत असल्यापासून माहीत असतं.

बायोमेडिसिनच का, असं मी विचारलं तेव्हा तिने एक बातमी पाठवली. फेब्रुवारी २०२० मध्ये ब्राझीलमध्ये कोविडचा पहिला रुग्ण सापडला आणि ४८ तासांत तिथल्या गटाने त्या विषाणूचा जनुकीय आराखडा वाचून जाहीर केला. त्या कामात पुढे होत्या साओ पाउलो विद्यापीठाच्या प्राध्यापिका एस्तेर साबिनो आणि त्यांच्या गटात पोस्टडॉक करणाऱ्या जॅकलिन गोएस दे जेझुस. जॅकलिन साल्वादोरच्या कृष्णवर्णीय बाई, पदवी बायोमेडिसिनची. हा ब्राझीलमधला स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम आहे, डॉक्टरकीहून वेगळा, प्रयोगशाळेचा. पुढे त्यांच्यासारखी दिसणारी बार्बीसुद्धा निघाली. पण माझ्या विद्यार्थिनीला बार्बीचं विशेष कौतुक नव्हतं. "बातमीत दोन नावं आहेत बघ," ती म्हणाली. "शिकवणारीचं आणि शिकणारीचं. दोन्ही."

*

तिचं काम होतं पेशी मोजण्याचं. काचेवर वाढवलेल्या पेशींना एका परजीवीची लागण करायची, वेगवेगळी रसायनं द्यायची, रंग चढवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून पाहत मोजायचं की शंभरातल्या किती पेशींमध्ये तो शिरला. हातात कंडक्टरच्या पंचसारखं टिकटिक करणारं मोजणीयंत्र. परजीवीचं नाव ट्रायपॅनोसोमा क्रूझी.

या नावाचा इतिहास मी एका रात्रीत वाचून काढला, आणि त्यासाठी मला मुंबईपर्यंत मागे यावं लागलं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. त्यातून हाफकिन यांची लस आली आणि परळची ती प्रसिद्ध संस्था उभी राहिली. त्याच जागतिक साथीचा प्लेग १८९९ मध्ये ब्राझीलच्या सांतोस बंदरात उतरला. त्यावरचं सीरम देशात तयार करता यावं म्हणून १९०० साली रिओच्या मांगिन्योस भागात एक संस्था निघाली. तिचा ताबा लवकरच पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमधून शिकून आलेल्या ओस्वाल्दो क्रूझ या तरुण डॉक्टरकडे आला. आज ती फिओक्रूझ म्हणून ओळखली जाते. हाफकिन इन्स्टिट्यूट आणि फिओक्रूझ या एका अर्थाने एकाच साथीच्या लेकी.

वैद्यकीचा विद्यार्थी असताना कार्लोस शागास आपल्या मलेरियावरच्या प्रबंधासाठी क्रूझकडे आला. काही वर्षांनी मिनास जेराइस राज्यात रेल्वेमार्ग टाकताना मजुरांना मलेरियाने हैराण केलं, तेव्हा क्रूझने त्याला तिकडे पाठवलं. लासांसे या गावी शागास रेल्वेच्या एका डब्यात राहायचा. तोच त्याचा दवाखाना, तीच प्रयोगशाळा. तिथे त्याला कुडाच्या भिंतींत राहणारा, रात्री माणसाच्या चेहऱ्यावर चावणारा एक किडा दाखवण्यात आला. लोक त्याला बार्बेइरो म्हणायचे, म्हणजे न्हावी. किड्याच्या आतड्यात शागासला एक परजीवी दिसला. हा माणसात किंवा प्राण्यात जातो का, हे तपासायला डब्यात सोय नव्हती. त्याने किडे मांगिन्योसला पाठवून दिले. तिथे क्रूझने ते प्रयोगशाळेतल्या छोट्या माकडांना चावू दिले आणि काही आठवड्यांनी माकडांच्या रक्तात परजीवी सापडला. एप्रिल १९०९ मध्ये शागासला तोच परजीवी बेरेनिसे नावाच्या दोन वर्षांच्या तापलेल्या मुलीच्या रक्तात मिळाला. रोगाला नाव पडलं शागासचं. परजीवीचं नाव शागासने ठेवलं, आपल्या गुरूवरून, क्रूझी.

आपल्याकडे गुरूच्या नावाने पुरस्कार काढतात, रस्त्याला नाव देतात. याने जंतूला नाव दिलं, हे ऐकून मला आधी हसू आलं. मग जाणवलं की या गोष्टीत मला आवडलेली जागा नावाची नाही, पार्सलची आहे. विद्यार्थी दूर एका डब्यात अडला होता आणि संस्थेचा संचालक इकडे त्याच्यासाठी माकडांचं रक्त तपासत बसला होता. गुरूने त्या वेळी उपदेशाचं पत्र पाठवलं असतं तर त्या किड्यांचं काय झालं असतं?

ही साखळी अधूनमधून तुटलीही आहे. लष्करी राजवटीत, १९७० साली, मांगिन्योसच्या दहा शास्त्रज्ञांना काढून टाकून त्यांचे राजकीय हक्क हिरावण्यात आले. त्यांतले एक एर्मान लेंत. ते आयुष्यभर शागासच्या त्याच बार्बेइरोंवर काम करत होते. त्यांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिलं, त्याचं नाव 'मांगिन्योसचं हत्याकांड'. कुणाचं रक्त सांडलं नव्हतं. पण प्रयोगशाळा बंद होते तेव्हा तिथे उद्या जे शिकणार होते त्यांचं काय होतं, याला तो शब्द फार मोठा नाही. १९८६ मध्ये त्या शास्त्रज्ञांना सन्मानाने परत घेण्यात आलं. आणि त्याच वर्षी फिओक्रूझने 'प्रोवोक' सुरू केलं. यात अकरावी-बारावीच्या वयाची मुलं शास्त्रज्ञांबरोबर प्रयोगशाळेत काम करायला येतात. ते आजही चालू आहे.

*

त्याच सुमाराला रिओच्या केंद्रीय विद्यापीठात लिओपोल्दो दे मेइस नावाचे जीवरसायनशास्त्रज्ञ आणखी एक प्रयोग करत होते. जन्म इजिप्तमधल्या सुएझचा, वाढले ब्राझीलमध्ये. १९८५ पासून त्यांनी सरकारी शाळांतल्या मुलांसाठी सुट्टीतले वर्ग भरवायला सुरुवात केली. त्यात व्याख्यान नव्हतं. मुलांनी प्रश्न काढायचे, आणि प्रश्न कितीही वेडगळ असला तरी उत्तर पुस्तकातून सांगायचं नाही. ते शोधायचा प्रयोग मुलांनीच बांधायचा, पीएचडी करणारे विद्यार्थी सोबतीला. यातून ज्यांना गोडी लागली त्यांना प्रयोगशाळेत जागा आणि शिष्यवृत्ती. पुढे या कल्पनेचं देशभर जाळं झालं. दे मेइस २०१४ मध्ये गेले. त्यांच्या संस्थेला आता त्यांचंच नाव आहे.

याच माणसाने २००३ मध्ये सहकाऱ्यांबरोबर एक वेगळाच शोधनिबंध लिहिला. ब्राझीलच्या विज्ञानात वाढत चाललेली स्पर्धा, तिचा ताण आणि त्यात करपून जाणारे लोक हा त्याचा विषय. मला हे महत्त्वाचं वाटतं. ज्या नात्यात एकाच्या सहीवर दुसऱ्याचं भवितव्य अवलंबून असतं, ते नातं आपोआप पवित्र होत नाही. शनिवारच्या आमच्या गप्पांत तिच्या मैत्रिणींच्या गोष्टीही यायच्या. रात्री अकराला मेसेज करणारे ओरिएंतादोर, विद्यार्थ्याचं नाव यादीत शेवटी ढकलणारे ओरिएंतादोर. चांगली व्यवस्था असली की चांगली माणसं आपसूक मिळतात असं नाही. फक्त चांगल्या माणसाला काही करून दाखवायला जागा मिळते.

*

ती जागा मी पाहिली सप्टेंबर २०२२ मध्ये. आईच्या पाठीचं दुखणं वाढलं, कामाची दोन घरं सुटली. औषधांच्या दुकानात काउंटरवर नोकरी मिळत होती, पगार किमान वेतनाच्या थोडा वर. शिष्यवृत्तीच्या अटींत नोकरी बसत नव्हती. शनिवारी तिने कॅमेरा बंद ठेवला आणि विचारलं, "प्रोफ, तू माझ्या जागी असतीस तर?"

मी तिच्या जागी नव्हते. तिच्या बोल्सा आणि त्या पगारातला फरक साधारण बारा हजार रुपयांचा होता. आमच्या ऑफिसमधले आम्ही तिघं-चौघं शुक्रवारी रात्री एका टेबलावर तेवढं बिल करतो. पैसे पाठवावेत हा विचार पहिल्यांदा आला. आमच्या उपक्रमात त्याला बंदी होती आणि तिने ते घेतलेही नसते. 'तुझं पॅशन सोडू नकोस' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. हे वाक्य नेहमी अशीच माणसं म्हणतात, ज्यांच्या घरचा गॅस त्या पॅशनवर पेटत नसतो. मी म्हटलं, नोकरी घेतलीस तर तू कमी ठरत नाहीस. पण आधी सगळे आकडे एका फाइलीत लिही. तिने लिहिले, अर्थातच दशांशाच्या जागी कॉमा देऊन. त्यात दिसलं की शिष्यवृत्तीतला सर्वांत मोठा वाटा ट्रेन आणि बसच्या तिकिटात जातोय. आठवड्यातले पाच दिवस ती काही तासांच्या कामासाठी दोन तास प्रवास करून यायची आणि तेवढाच करून परत जायची.

ती फाइल तिने ओरिएंतादोराला दाखवली. बाईंना ती नावाने हाक मारते, तिकडे तशीच पद्धत आहे. बाईंनी धीर वगैरे दिला नाही. त्यांनी विचारलं, "आईला डॉक्टरकडे कुठल्या दिवशी न्यावं लागतं?" मग भिंतीवरचं वेळापत्रक खाली काढलं. सूक्ष्मदर्शकाचं काम सलग दोन दिवसांत, सकाळपासून रात्रीपर्यंत. बाकीच्या दिवशी पेशींचं खाद्यद्रव बदलायचं काम पीएचडीच्या एका मुलाने अंगावर घेतलं. आणि मोजणीचं विश्लेषण घरून, कारण आता ते पायथॉनमध्ये होतं. तीन दिवसांचं तिकीट वाचलं. मोकळ्या झालेल्या दिवसांत ती शेजारच्या शाळकरी मुलांच्या शिकवण्या घेऊ लागली. आईच्या दोन घरांपैकी एका घराची भरपाई त्यातून झाली. दुसऱ्याची झाली नाही. त्या वर्षी त्यांच्याकडे ख्रिसमसला नवीन काहीही घेतलं नाही, हेही तिने साध्या आवाजात सांगितलं.

मी शिकवलेल्या चार ओळींच्या कोडमुळे कुणाचं ट्रेनचं तिकीट वाचलं, हे माझ्या करिअरमधलं मला सर्वांत नीट समजलेलं काम आहे. बाकी मी काय बनवते ते आईला अजून धड सांगता येत नाही.

फेब्रुवारी २०२३ मध्ये सरकारने शिष्यवृत्त्या वाढवल्या. पदवीच्या विद्यार्थ्यांची ४०० वरून ७००, शाळकरी मुलांची १०० वरून ३००, मास्टर्सची १,५०० वरून २,१००. त्या दिवशी तिचा मेसेज आला. त्यात फक्त '७००' आणि पर्सचा इमोजी.

*

ब्राझीलमध्ये प्रत्येक संशोधकाचा सीव्ही एकाच सरकारी संकेतस्थळावर असतो. १९९९ पासून चालणाऱ्या या यंत्रणेला सेझार लातेस या भौतिकशास्त्रज्ञाचं नाव आहे. जुलै २०२१ मध्ये सर्व्हरच्या बिघाडाने ती काही दिवस बंद पडली, तेव्हा देशभरच्या संशोधकांच्या पोटात गोळा आला होता. सर्व्हर पडणं म्हणजे काय हे मला माहीत आहे, पण तिथे पडलेल्या डेटात आयुष्यं होती. त्यात कोण कुणाचं ओरिएंतादोर हेही लिहिलेलं असतं. त्या नोंदींवरून काही संगणकशास्त्रज्ञांनी 'अकासिया' नावाचा वंशवृक्ष तयार केला आहे. आपण त्यात नाव शोधायचं आणि शिकवणाऱ्यांची पिढी, त्यांना शिकवणाऱ्यांची पिढी असं वर चढत जायचं. मला तो पाहताना घरातली कुळाची वही आठवली, जिच्यात मुलींची नावं नसतात. इथे मुलीही होत्या आणि रक्ताचा संबंध लागत नव्हता.

माझं नाव तिच्या पानावर कुठेच नाही. तशी त्यात जागाही नाही. मी फक्त पार्सल आणून देणारी.

आता ती मास्टर्स करते. यंदा त्यांच्या प्रयोगशाळेत ३०० रेआइसच्या शालेय शिष्यवृत्तीवर सोळा वर्षांची एक मुलगी आली आहे, आणि तिला शिकवायचं काम बाईंनी हिच्याकडे दिलंय. त्या मुलीकडे लॅपटॉप नाही, फोन आहे. म्हणून मी आमच्या सगळ्या नोटबुक पुन्हा लिहिल्या. ब्राउझरमध्ये चालतील अशा, आणि ओळी इतक्या आखूड की फोनवर आडवं सरकवावं लागू नये. गेल्या शनिवारी आम्ही तिघी होतो. पहिला कॉमा पार पडला, आलेख आला. मग त्या मुलीने विचारलं, "पेशी मेलेली असेल तर ती मोजायची की सोडायची?"

मला उत्तर माहीत नव्हतं. माझ्या विद्यार्थिनीला माहीत होतं, तिच्या चेहऱ्यावर ते दिसलं. पण तिने सांगितलं नाही.

"दोन्ही पद्धतींनी मोज," ती म्हणाली, "आणि काय फरक पडतो ते पुढच्या शनिवारी आम्हाला दाखव."